दोन सूर्योदयांचं विमान

पर्थहून श्रीलंकेला जायला किती वेळ लागतो, हे मी परवा फोनवर बघत होतो. हिंदी महासागरावरून गेलेली एक निळी रेघ, अंतर साडेपाच हजार किलोमीटरच्या थोडं वर. आजच्या जेट विमानाला साताठ तास पुरतात. तेवढेही मला जास्त वाटले, हे कबूल करतो.

याच रेघेवर १९४३ साली माणसं २८-३० तास सलग उडत होती. मध्ये कुठेही न उतरता.

कारण उतरायला जागाच उरली नव्हती. फेब्रुवारी १९४२मध्ये सिंगापूर पडलं. जावा, सुमात्रा, अंदमान जपान्यांकडे गेलं आणि ऑस्ट्रेलियाची इंग्लंडशी असलेली हवाई वाट तुटली. मग जुलै १९४३मध्ये क्वांटास कंपनीने कॅटलिना ही पाण्यावरून उडणारी, पाण्यावरच उतरणारी विमानं या कामाला लावली. पर्थच्या स्वान नदीतून निघायचं आणि क्रिकेटमुळे आपल्याला माहीत असलेल्या गॉलजवळ, कोग्गला तळ्यात उतरायचं. वेग ताशी जेमतेम दोनशे किलोमीटर.

विमानात प्रवासी फार तर तीन आणि टपाल ६९ किलो. बाकी सगळं इंधन. ते इतकं की सुरुवातीचे कित्येक तास एक इंजिन जरी बंद पडलं असतं, तरी दुसऱ्याच्या जोरावर हवेत राहणं अशक्य होतं. बंदुका नाहीत. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून रेडिओवर बोलायचं नाही. धोक्याचा पट्टा अंधारात ओलांडायचा आणि दिशा ताऱ्यांवरून काढायची. पाच विमानांना नावंही ताऱ्यांचीच होती : अल्टेर, वेगा, रायजेल, अँटारेस, स्पायका. आपल्याकडचे श्रवण, अभिजित, राजन्य, ज्येष्ठा आणि चित्रा! ढग आले की हेही सोबती गायब.

एका प्रवासात दोनदा सूर्य उगवताना दिसायचा. म्हणून प्रवाशांना 'डबल सनराइज'च्या गुप्त मंडळाचं सदस्य झाल्याचं प्रमाणपत्र मिळे. या मोहिमेवरचे लेख त्या प्रमाणपत्रावरच जास्त रेंगाळतात. मला मात्र पहिल्या रात्री इंजिनांच्या आवाजाकडे कान लावून बसलेला वैमानिक दिसत राहतो. सगळ्यात लांबलेलं उड्डाण ३२ तास ९ मिनिटांचं होतं. समोरून वारा आला की तेच अंतर असं ताणलं जायचं, आणि इंधन तर मोजकंच.

जुलै १९४५पर्यंत अशा २७१ फेऱ्या झाल्या. एकही विमान गमावलं नाही.

२०१८पासून पर्थहून थेट लंडनला विमान जातं. साडेचौदा हजार किलोमीटर, सुमारे १७ तास.

ती पाच कॅटलिना विमानं बघायला मिळतील का, म्हणून मी शोधलं. ती अमेरिकेकडून युद्धापुरती मिळालेली होती. करारातल्या अटीमुळे, एवढं उडून सुखरूप परतलेली ती विमानं युद्ध संपल्यावर ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात बुडवण्यात आली.