‘दहाचे तीन सेट’ आले कुठून?

कोणत्याही व्यायामशाळेत पाऊल ठेवा, ‘दहाचे तीन सेट’ हे शब्द कानी पडतातच. या सूत्राचा उगम शरीरसौष्ठवाच्या हौसेत नाही. तो दुसऱ्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांच्या उपचारांत आहे.

साल १९४४-४५. शिकागोतील गार्डिनर लष्करी रुग्णालयात गुडघा आणि मांडी दुखावलेल्यांची गर्दी होती. हाड सांधले, जखम भरली, तरी पायात जोर येईना. प्लास्टरमध्ये निश्चल राहिलेल्या स्नायूत नवी प्रथिने तयार होण्याचा वेग मंदावतो आणि त्याचे तंतू बारीक होतात. गुडघ्याला सूज असेल, तर मांडीच्या पुढच्या स्नायूकडे जाणारे संदेश मज्जारज्जूतच अडवले जातात. रुग्णाने कितीही मनावर घेतले, तरी तो स्नायू पुरता आकुंचन पावत नाही.

यावर रूढ उपाय होता हलक्या भाराची पुष्कळ आवर्तने. वजने उचलल्याने शरीर ताठरते, हृदय बिघडते, असा समज तेव्हा डॉक्टरांतही होता.

तरुण लष्करी डॉक्टर थॉमस डिलॉर्म यांना तो पटणे शक्य नव्हते. किशोरवयात ते संधिवाताच्या तापाने अंथरुणाला खिळले होते. हृदयालाच इजा करणारा हा आजार. पण त्यातून उठल्यावर त्यांनी शरीर कमावले ते वजने उचलूनच!

रुग्णाला टेबलाच्या कडेवर बसवायचे, पायाला लोखंडी बूट बांधून त्याला वजनाच्या चकत्या अडकवायच्या आणि गुडघा सरळ करायला लावायचे. जे वजन दहा वेळा पूर्ण उचलता येते, अकराव्यांदा नाही, ते त्या रुग्णाचे माप. ताकद वाढली की मापही वाढवायचे. डिलॉर्म यांचे खरे श्रेय धाडसाला नाही, या मापाला द्यावे असे मला वाटते. औषधाप्रमाणे व्यायामाचीही मात्रा ठरवता येऊ लागली.

पहिल्या काही आठवड्यांत वाढणारी ताकद बहुतांशी मज्जासंस्थेची असते: झोपी गेलेले तंतू पुन्हा कामाला लावले जातात. स्नायू जाड होतो तो नंतर.

१९४५च्या शोधनिबंधात त्यांनी दहा-दहा आवर्तनांचे सात ते दहा सेट सांगितले होते. १९४८मध्ये आर्थर वॉटकिन्स यांच्यासह त्यांनी ते तीनवर आणले: पहिला निम्म्या भाराने, दुसरा पाऊण, तिसरा पूर्ण. पद्धतीचे नावही सौम्य झाले. ‘जड प्रतिरोधा’च्या जागी १९४८च्या या शोधनिबंधातच ‘क्रमशः वाढता प्रतिरोध’ आला.

१९५१मध्ये ऑक्सफर्डच्या झिनोविएफ यांनी हा क्रमच उलटा केला. शेवटच्या जड सेटपर्यंत रुग्ण थकून जातात, म्हणून आरंभी पूर्ण भार द्यावा आणि मग तो उतरवत न्यावा, असे त्यांचे म्हणणे. दहा आवर्तनांचे माप मात्र त्यांनीही तसेच ठेवले.