उखाणा: जो शब्द उच्चारायचा नाही, त्याचा खेळ

आजचा विषय टीव्हीवरचे गेम शो. पण सुरुवात आमच्या घरातून करतो.

मी मावळातल्या सुदुंबरे गावचा. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणाऱ्या संताजी जगनाडे महाराजांची समाधी आमच्याच गावात आहे. मी शाळेत असताना संध्याकाळी घरी ‘होम मिनिस्टर’ लागायचं. आदेश भावोजी कुणाच्यातरी दारात, घरात नुसती गडबड, आणि मग ठरलेलं वाक्य: वहिनी, उखाणा घ्या! तेव्हा आजी टीव्हीसमोर तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायची. मला वाटायचं, जप चाललाय.

आता थोडं मागे जाऊ. मराठीत उखाणा म्हणजे कोडंसुद्धा आणि नवऱ्याचं नाव घेण्याचा यमकातला खेळसुद्धा. दोन्हींत शब्द लपवायचा असतो. नवऱ्याचं नाव बाईनं उच्चारायचं नाही, अशी रीत होती. काही घरांत तर त्या नावासारखा वाजणारा शब्दही टाळायच्या. सूट फक्त उखाण्यात. लग्नात नणंद दार अडवून उभी राहिली की, किंवा मंगळागौरीला, डोहाळजेवणाला. पहिल्या ओळीचं यमक कानावर पडलं की ऐकणाऱ्या बायका नावाचा अंदाज बांधायच्या.

आता अमेरिका बघा. १९६१ मध्ये सीबीएस वाहिनीवर ‘पासवर्ड’ नावाचा शो सुरू झाला. जोडीदारानं एकेका शब्दाचा इशारा द्यायचा, दुसऱ्यानं गुप्त शब्द ओळखायचा. पहिल्याच इशाऱ्यावर ओळखला तर १० गुण, पुढे प्रत्येक इशाऱ्याला एक कमी. १९८९ मध्ये ‘टॅबू’ हा खेळ आला. त्यात कार्डावरचा शब्द तर नाहीच, त्याच्या जवळचे आणखी पाच शब्दही बोलायचे नाहीत. म्हणजे नियम आपल्या उखाण्याचाच! फरक एवढाच की तिथं डाव संपला की बंदी उठते. आपल्या आज्यांची बंदी घरी गेल्यावरही चालूच असायची.

२००४ मध्ये ‘होम मिनिस्टर’ आलं, तोवर बऱ्याच घरांत बायका नवऱ्याला नावानं हाक मारू लागल्या होत्या. बंदी गेली, खेळ राहिला, वर पैठणी मिळू लागली. २०२२ च्या ‘महामिनिस्टर’मध्ये तर पैठणी थेट ११ लाखांची!

कॉलेजला असताना मी एकदा आजीला विचारलं, काय पुटपुटतेस गं? म्हणाली, “तुझ्या आजोबांचं नाव घेते.” आजोबा गेले तेव्हा बाबा चौथीत होते. तेव्हापासून तिला हळदीकुंकवाला बोलावणं नाही, म्हणून उखाण्याचा आग्रहही नाही. नवरा गेला की बाई खेळातूनच बाद.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनं हाच कित्ता सगळ्या ग्रामपंचायतींनी गिरवावा, असं परिपत्रक काढलं. कुंकू, बांगड्या, मंगळसूत्र यांचं परिपत्रक निघू शकतं. पण “आजी, तू पण घे ना” हे घरातल्याच कुणीतरी म्हणावं लागतं.

गेल्या दिवाळीत मी म्हणालो. आधी लाजली, मग एका दमात तीन उखाणे! फोनवर रेकॉर्ड करून ठेवलेत. तुमच्या आजीलाही विचारून बघा.

भेटू पुढच्या भागात!