जातिजन्य विशेषाधिकार

जातिजन्य विशेषाधिकार : जन्मामुळे आपसूक मिळणारे, स्वतः न कमावलेले सामाजिक फायदे. उपभोगणाऱ्याला ते सहसा दिसत नाहीत, कारण त्याला कोणी अडवतच नाही. महाडच्या चवदार तळ्यावर सवर्ण पाणी भरत, परधर्मीय भरत, गुरेढोरेही पीत. मज्जाव फक्त अस्पृश्यांना. भरणाऱ्याच्या लेखी तो अधिकार नव्हता, रोजचे काम होते. मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांनी मांडलेल्या ठरावाने 1923 मध्ये सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचे ठरले. महाड नगरपालिकेनेही तसाच ठराव केला, पण तो कागदावरच राहिला. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर व अनुयायी सत्याग्रह करून तळ्याचे पाणी प्यायले, तेव्हा सवर्णांनी मारहाण केली आणि तळे ‘शुद्ध’ करून घेतले. सहानुभूती आणि अधिकार सोडणे यांतले अंतर येथे उघड होते.

गरीब सवर्णाला कसला विशेषाधिकार, हा आक्षेप नेहमीचा. त्याची गरिबी खरीच. पण तिच्यापायी तळे त्याला बंद झाले नव्हते. पूर्वजांच्या अन्यायाचा दोष आजच्या माणसावर का, हा प्रश्न अधिक वजनदार आहे. दोष जन्माचा नसतो, चालू लाभ निमूट घेण्याचा असतो. म्हणूनच महाडच्या सत्याग्रहातून ब्राह्मणांना वगळावे ही ब्राह्मणेतर पुढारी जेधे-जवळकर यांची अट आंबेडकरांनी नाकारली. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडलाच मनुस्मृतिदहनाचा ठराव मांडणारे गं. नी. सहस्रबुद्धे ब्राह्मण होते. सत्याग्रहाला साथ देणारे सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे हे कायस्थ प्रभू. स्वजातीचा रोष पत्करणारे असे लोक मोजकेच निघाले. अस्पृश्यांचा तळ्यावरील हक्क अखेर मुंबई उच्च न्यायालयाने 1937 मध्ये मान्य केला.