तिसऱ्या डिव्हिजनची शेवटची दुपार

१९७१ साली ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानातून बाहेर पडताना जिन्यावर ६६ माणसं चेंगरून मेली. त्यानंतर चार वर्षांनी, १९७५ मध्ये, ब्रिटनमध्ये क्रीडांगणांच्या सुरक्षेचा कायदा झाला. त्यानुसार मोठ्या मैदानांना स्थानिक प्रशासनाकडून सुरक्षा-प्रमाणपत्र घ्यावं लागे. त्यासाठी तपासणी होई, दरवाजे मोजले जात, आगीचा धोका पाहिला जाई. पण इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये ही सक्ती फक्त वरच्या दोन डिव्हिजनांतल्या क्लबांना होती. तिसऱ्या आणि चौथ्या डिव्हिजनची मैदानं या कायद्याच्या बाहेर राहिली.

११ मे १९८५ च्या दुपारी ब्रॅडफर्ड सिटी हा क्लब तिसऱ्या डिव्हिजनमधला आपला शेवटचा सामना खेळत होता. पुढच्या हंगामात तो दुसऱ्या डिव्हिजनमध्ये जाणार होता, आणि त्याबरोबर त्याचं मैदानही कायद्याच्या कक्षेत येणार होतं. त्या दिवशी जे घडलं ते वाचताना ही एक गोष्ट डोळ्यांपुढे ठेवावी.

जुलै १९८४

व्हॅली परेड हे सिटीचं मैदान टेकडीच्या उतारावर वसलेलं आहे. त्याचा मुख्य स्टँड क्लब पहिल्यांदा अव्वल डिव्हिजनमध्ये गेला त्या काळातला, म्हणजे १९०८ नंतरचा. आर्चिबाल्ड लीच या त्या काळच्या नामवंत स्टेडियम-अभियंत्याने त्याचा आराखडा केला होता. लाकडी सांगाडा, लाकडी फळ्यांची जमीन, लाकडी बाकं आणि वर डांबरी नमद्याचं छप्पर. उतारावर उभारल्यामुळे फळ्यांच्या खाली आणि मातीच्या वर एक पोकळी राहिली होती. फळ्यांना फटी होत्या. त्यातून सत्तर-पंचाहत्तर वर्षं कागद, कप, वेष्टनं आणि सिगारेटची थोटकं खाली पडत राहिली, आणि तो कचरा कुणी काढला नाही. पुढे चौकशीत त्या पोकळीतून नोव्हेंबर १९६८ चं स्थानिक वर्तमानपत्र निघालं. जुन्या चलनात किंमत छापलेलं शेंगदाण्यांचं पाकीटही निघालं.

या कचऱ्याची कुणालाच कल्पना नव्हती असं म्हणता येत नाही. जुलै १९८४ मध्ये काउंटी कौन्सिलच्या अभियंत्याने क्लबला लेखी कळवलं होतं की लाकडी बांधकाम आगीच्या दृष्टीने धोक्याचं आहे, बाकांखाली जळाऊ कचरा साठला आहे, आणि निष्काळजीपणे टाकलेल्या एका सिगारेटनेही आग लागू शकते. दहा महिन्यांनी जे घडलं ते या पत्रात जवळजवळ जसंच्या तसं लिहिलेलं होतं. पण पत्रामागे सक्ती नव्हती, कारण क्लब तिसऱ्या डिव्हिजनमध्ये होता. १९८३ मध्ये दिवाळखोरीतून जेमतेम वाचलेल्या क्लबने नवं छप्पर आणि नवा स्टँड पुढच्या पैशांवर सोडला.

मे १९८५, पहिला आठवडा

बोल्टन वाँडरर्सला २-० असं हरवून सिटीने तिसऱ्या डिव्हिजनचं विजेतेपद पक्कं केलं. क्लब १९३७ साली दुसऱ्या डिव्हिजनमधून खाली घसरला होता. त्यानंतर ४८ वर्षांनी तो परत तिथे चालला होता. लोकरीच्या गिरण्या एकामागून एक बंद पडत गेलेल्या या शहराला बऱ्याच वर्षांनी असं काही साजरं करायला मिळालं होतं. वरच्या डिव्हिजनमध्ये जायचं म्हणून स्टँडचं काम आता खरोखरच हाती घेतलं जाणार होतं. त्यासाठी लागणारं पोलाद स्टँडच्या मागे येऊन पडलंही होतं.

शनिवार, ११ मे, सामन्यापूर्वी

पाहुणा संघ लिंकन सिटी. गुणतक्त्याच्या दृष्टीने सामन्याला काहीच अर्थ नव्हता, लोक आले होते ते चषक पाहायला. एकूण प्रेक्षक ११,०७६, म्हणजे हंगामाच्या सरासरीपेक्षा किती तरी जास्त. मुख्य स्टँड भरलेला होता. तिथे बसणाऱ्यांत कायमचे तिकीटधारक, म्हातारी माणसं आणि मुलांना घेऊन आलेले वडील जास्त असत. आरामात बसून सामना पाहण्याची ती जागा, म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांना आणि लहानांना तिथेच बसवत. कर्णधार पीटर जॅक्सनच्या हाती चषक दिला गेला. खेळाडूंनी मैदानाला फेरी मारली. यॉर्कशायर टेलिव्हिजनचे कॅमेरे लागलेले होते.

दुपारी ३:०४

सामना सुरू झाला. खेळ संथ होता आणि गोल होत नव्हते. त्याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

३:४०च्या सुमारास

मध्यंतराला थोडीच मिनिटं उरली होती. जी ब्लॉकमधल्या प्रेक्षकांना पायाखाली ऊब जाणवली. फळ्यांच्या फटीतून धूर दिसला, मग खाली एक लहानशी ज्वाळा. पेटती काडी किंवा सिगारेट फटीतून खाली पडून कचरा पेटला असावा, असा निष्कर्ष चौकशीने पुढे काढला. एका प्रेक्षकाने कॉफी ओतून ती विझवता येते का पाहिलं. आग विझवण्याचं नळकांडं शोधायला माणसं धावली, पण स्टँडमध्ये ते नव्हतं. नासधुशीच्या भीतीने नळकांडी आधीच तिथून हलवलेली होती.

समालोचक जॉन हेल्म यांना समोरून धूर दिसला आणि त्यांनी तसं सांगितलं. त्या क्षणी ती एक किरकोळ अडचण वाटत होती. पोलिसांनी त्या ब्लॉकमधल्या लोकांना उठवायला सुरुवात केली. काही जण कुरकुरत उठले, काही जागेवरच थांबले. आग विझेल आणि आपण परत बसू, असंच सगळ्यांना वाटत होतं. मैदानाच्या दुसऱ्या बाजूचे प्रेक्षक तर गाणी म्हणत होते. आज ते चित्रीकरण पाहताना या लोकांचा राग येऊ शकतो, पण तो अन्यायाचा आहे. शतकाच्या सुरुवातीपासून उभा असलेला स्टँड चार मिनिटांत नाहीसा होईल, हे त्या दुपारी कुणाच्या मनात यावं?

३:४३

पोलिसांच्या वायरलेसवरून अग्निशमन दलाला बोलावणं गेलं. पंच नॉर्मन ग्लोव्हर यांनी खेळ थांबवला. खेळाडू मैदानाबाहेर धावले, काही उलट स्टँडकडे धावले, कारण त्यांच्या घरची माणसं तिथे बसली होती.

पुढची चार मिनिटं

वारा होता. ज्वाळा फळ्यांमधून वर आल्या आणि छताला लागल्या. छताने त्या अडवल्या आणि आडव्या पसरवल्या. आग छपराखालून माणसाच्या धावण्यापेक्षा वेगाने स्टँडच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेली. वरून पेटतं डांबर माणसांवर ठिबकू लागलं. काळ्या, जाड धुरात दोन पावलांपलीकडचं दिसेना.

यातलं मला सर्वांत जास्त सलतं ते माणसं कुठे धावली ते. या स्टँडमध्ये लोक मागून, वरच्या रस्त्याच्या बाजूने शिरत आणि पायऱ्या उतरून आपल्या बाकावर येऊन बसत. त्यामुळे घाबरलेल्या माणसाने आलेल्या वाटेनेच परत जाणं साहजिक होतं. ती वाट चढाची होती, आणि धूरही तिकडेच चढत होता. मागच्या बाजूला स्टँडच्या लांबीइतकी एक अरुंद बोळ होती आणि तिला लागून बाहेर काढणारे दरवाजे नि टर्नस्टाइल. सामना चालू असताना कुणी फुकट आत शिरू नये म्हणून ते बंद करून ठेवत. काही दरवाजे लोकांनी आतून, काही बाहेरून तोडले, आणि तिथून शेकडो सुटले. जिथे ते उघडले नाहीत तिथे माणसं सापडली, एकमेकांच्या अंगावर, दाराला टेकलेली. काही जण स्वच्छतागृहात शिरले होते.

जे उलट दिशेने, खाली मैदानाकडे गेले, त्यांतले बहुतेक वाचले. बाकांपुढे भिंत होती, त्यापुढे उभं राहण्याची जागा, मग आणखी एक भिंत. म्हाताऱ्यांना उचलून पलीकडे टाकावं लागलं. पोलीस आणि साधे प्रेक्षक केस नि कपडे जळत असताना पुन्हा पुन्हा आत शिरत होते, हात धरून माणसं ओढत होते. अंगावरच्या कोटांनी पेटलेल्या माणसांना विझवत होते.

या बाजूला मैदानाभोवती लोखंडी कुंपण नव्हतं. याच वसंतात देशभर कुंपणांची मागणी चालली होती. मार्चमध्ये ल्यूटनला मिलवॉलच्या प्रेक्षकांनी दंगल केली होती, आणि चेल्सीच्या अध्यक्षांनी तर विजेच्या कुंपणाचा प्रस्ताव मांडला होता. व्हॅली परेडच्या या बाजूला तसं कुंपण असतं तर मैदानात उतरलेले हजारो लोक त्याच्या आत अडकले असते. चार वर्षांनी हिल्सबरोच्या मैदानावर कुंपण होतं. तिथल्या चेंगराचेंगरीने ९७ जणांचा जीव घेतला.

चार वाजण्यापूर्वी

बंब आले तोवर संपूर्ण स्टँड पेटला होता. छप्पर कोसळलं. शेजारच्या मॅनिंगहॅम भागातल्या रहिवाशांनी दारं उघडली, भाजलेल्यांना पाणी दिलं, टेलिफोन वापरू दिले. आयटीव्हीवर क्रीडा-कार्यक्रम चालू होता, त्यात काही वेळाने हीच दृश्यं देशभर दिसली. अनेक घरांना आपली माणसं जिथे बसली होती ती जागा जळताना आधी टीव्हीवरच दिसली.

संध्याकाळ

इकडे ब्रॅडफर्डची रुग्णालयं भरत होती. वीस वर्षांचा मिडफिल्डर स्टुअर्ट मॅकॉल आपल्या वडिलांना शोधत होता. ते गंभीर भाजलेले सापडले आणि वाचले. त्याच दुपारी, बर्मिंगहॅममध्ये, दुसऱ्या डिव्हिजनच्या अखेरच्या दिवशी, लीड्स युनायटेडच्या सामन्यात दंगल उसळली. भिंत कोसळून पंधरा वर्षांचा एक मुलगा दगावला. तिथला यजमान क्लब कायद्याच्या आतला होता. एवढं असूनही भिंत पडते, हे लिहिलं नाही तर कायद्याबद्दलचं माझं म्हणणं अर्धवट राहील.

ब्रॅडफर्डमध्ये मृतांचा आकडा ५६ वर थांबला. ५४ घरचे, २ लिंकनचे. लिंकनच्या मैदानावर आज त्या दोघांच्या आडनावांनी एक स्टँड आहे. निम्मे मृत वीस वर्षांच्या आतले किंवा सत्तरीच्या पुढचे होते. सर्वांत वयस्कर होते ८६ वर्षांचे, क्लबचे माजी अध्यक्ष. जखमी २५० हून अधिक होते. त्यांच्या भाजलेल्या हातांवर उपचार करताना प्लास्टिक सर्जन डेव्हिड शार्प यांनी हात उंच धरून ठेवणारी जी झोळी बनवली, ती आज जगभर ‘ब्रॅडफर्ड स्लिंग’ म्हणून वापरली जाते. भाजलेल्यांच्या संशोधनासाठी विद्यापीठात एक केंद्रही सुरू झालं.

दुसऱ्या डिव्हिजनमधला हंगाम, १९८५-८६

वर चढण्याचं स्वप्न असं सत्यात आलं. घरचं मैदान नव्हतं. सिटीने हडर्सफिल्डच्या लीड्स रोडवर, लीड्सच्या एलंड रोडवर आणि ब्रॅडफर्डच्याच रग्बी क्लबच्या ऑडसल मैदानावर आपले ‘घरचे’ सामने खेळले. खेळाडूंपैकी बरेच त्या दुपारी मैदानावर होते. हंगामाअखेरीस क्लब तेराव्या क्रमांकावर होता. मला त्या हंगामातली सर्वांत मोठी कामगिरी हाच तेरावा क्रमांक वाटतो. ज्या संघाला प्रत्येक ‘घरच्या’ सामन्यासाठी दुसऱ्याच्या दारात जावं लागलं, ज्याच्या प्रेक्षकांपैकी अनेक जण अंत्ययात्रांना जाऊन आलेले होते, तो संघ दुसऱ्या डिव्हिजनमधून खाली घसरला नाही.

डिसेंबर १९८६ मध्ये नव्याने बांधलेलं व्हॅली परेड इंग्लंडच्या संघाविरुद्धच्या सामन्याने उघडलं. १९८७ मध्ये न्यायालयाने जबाबदारी ठरवली, क्लबची दोन तृतीयांश, काउंटी कौन्सिलची एक तृतीयांश. चौकशी न्यायमूर्ती ऑलिव्हर पॉपलवेल यांनी केली होती. त्यांच्या अहवालानंतर १९८७ मध्येच नवा कायदा आला. त्याने ५०० किंवा अधिक प्रेक्षकांच्या कोणत्याही छपरी स्टँडला सुरक्षा-प्रमाणपत्र सक्तीचं केलं, मग तो स्टँड कोणत्याही डिव्हिजनमधल्या क्लबचा असो.