श्रेडर घेण्यापूर्वीचा प्रश्न : सुरगाण्याच्या कागदांची गोष्ट

१/ घरासाठी किंवा कार्यालयासाठी कागद कापण्याचे यंत्र, म्हणजे श्रेडर, कोणता घ्यावा? प्रश्न बाजारातला वाटतो. पण त्याच्या पोटात इतिहासाचा एक जुना प्रश्न दडलेला आहे. कोणता कागद मरू द्यायचा आणि ते ठरवायचे कोणी? नाशिक जिल्ह्यातील सुरगाण्यात हा प्रश्न थेट जमिनीपर्यंत जाऊन पोहोचतो. धागा थोडा लांब आहे, शेवटपर्यंत वाचा.

२/ प्रथम यंत्राची जन्मकथा. १९०९ साली अमेरिकेतील ॲबट ऑगस्टस लो यांना रद्दी कागद कापणाऱ्या यंत्राचे पेटंट मिळाले. पण ते यंत्र बाजारात आले नाही. १९३५ च्या सुमारास जर्मनीत ॲडॉल्फ एहिंगर यांनी श्रेडर तयार केला. नाझीविरोधी पत्रके कोणाच्या हाती पडू नयेत म्हणून शेवया करण्याच्या हातयंत्रावरून त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगतात. श्रेडरच्या जन्मामागे टापटिपीची हौस नव्हती, भीती होती.

३/ भीतीने कापलेला कागद मात्र नेहमीच मरतो असे नाही. ४ नोव्हेंबर १९७९ रोजी तेहरानमधील अमेरिकी दूतावास आंदोलकांच्या ताब्यात गेला. तत्पूर्वी तेथील गोपनीय कागदांच्या उभ्या पट्ट्या करण्यात आल्या होत्या. इराण्यांनी त्या पट्ट्या शेजारी शेजारी लावून कागद पुन्हा जुळवले आणि त्यांचे खंडच्या खंड छापले. या कामी गालिचे विणणारे कारागीरही लागले होते, असे सांगितले जाते. लांब पट्टी म्हणजे न पुसलेले अक्षर, हा त्यातला धडा.

४/ दुसरा धडा पूर्व जर्मनीचा. १९८९ च्या अखेरीस राजवट कोसळू लागली, तेव्हा 'श्टाझी' या गुप्त पोलीस यंत्रणेने आपली दफ्तरे नष्ट करायला घेतली. कामाच्या ओझ्याने यंत्रे बंद पडली आणि कर्मचारी हातांनी कागद फाडू लागले. नागरिकांनी कार्यालये ताब्यात घेतली तेव्हा फाडलेल्या कागदांची सुमारे १६ हजार पोती मागे उरली होती. ते तुकडे जोडण्याचे काम पुढे कित्येक वर्षे चालले.

५/ आता आपल्याकडे वळू. जून १९४७. सत्तांतर तोंडावर आलेले. संस्थानांचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश राजकीय खात्याचे प्रमुख सर कॉनरॅड कॉरफिल्ड यांच्या देखरेखीखाली संस्थानिकांच्या खासगी आयुष्याविषयीच्या फायली जाळण्यात येत होत्या. १३ जून १९४७ च्या बैठकीत जवाहरलाल नेहरूंनी त्यावर तीव्र आक्षेप घेतला. जाणाऱ्या सत्तेला वाटत होते, हे कागद आपले. येणारी सत्ता म्हणत होती, ते देशाचे. श्रेडर असो वा शेकोटी, वाद मालकीचाच असतो.

६/ सुरगाणा हेही असेच एक लहान संस्थान. डांगच्या सीमेला लागून, सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर वसलेले. येथील अधिपती 'देशमुख' म्हणवत. विसाव्या शतकाच्या आरंभी क्षेत्रफळ सुमारे ३६० चौरस मैल, १९०१ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ११,५३२, आणि राजकीय देखरेख नाशिकच्या कलेक्टरची. १९४८ साली ते मुंबई प्रांतात विलीन झाले. संस्थान गेले, पण संस्थानी कागदाचे मोल संपले नाही. ते का, हे पाहण्यासाठी शंभर वर्षे मागे जावे लागेल.

७/ १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले. इनामदारांनी सनदा दाखवाव्यात, हक्क सिद्ध करावा. ज्यांची सनद वाळवीने खाल्ली, घराबरोबर जळाली किंवा वाटणीत हरवली, त्यांच्यापैकी अनेकांची इनामे गेली. जमीन तीच, कसणारा तोच. फक्त कागद नव्हता. पुण्याच्या पेशवे दफ्तराचे रुमाल याच काळात कमिशनच्या कामासाठी चाळले गेले.

८/ सरकारी रुमाल निदान टिकले. वाड्यांतल्या कागदांचे दैव वेगळे होते. जुने मोडी कागद रद्दीत जात, पुड्या बांधण्याच्या कामी येत. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून ते वाचवत राहिले. १८९८ साली त्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड निघाला आणि पानिपतच्या काळाकडे मूळ पत्रांतून पाहता येऊ लागले. शत्रूने जाळलेल्या कागदांइतकेच कागद आपल्या निष्काळजीपणाने गमावले आहेत.

९/ आता पुन्हा सुरगाणा. २००६ च्या वन हक्क कायद्याने जंगलजमीन कसणाऱ्या आदिवासींचा हक्क मान्य केला. अट अशी की ताबा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा असावा. पुरावे कोणते चालतील, ते २००८ च्या नियमांतील तेराव्या नियमात दिले आहे. गॅझेटियर, जनगणना, नकाशे, घर-बांध-विहिरीच्या खुणा, गावातील वृद्धांचे लेखी जबाब, आणि पूर्वीच्या संस्थानांचे अभिलेखसुद्धा. १९४८ साली विलीन झालेल्या संस्थानाचा कागद एकविसाव्या शतकातील दाव्यात पुरावा ठरू शकतो, तो असा.

१०/ याहून विलक्षण गोष्ट दंडाच्या पावतीची. 'अतिक्रमण' केले म्हणून वन खात्याने शेतकऱ्याला दंड केला, पावती फाडली. ज्या कागदाने त्याला गुन्हेगार ठरवले, तोच कागद पुढे सांगतो की त्या वर्षी हा माणूस ही जमीन कसत होता. अपमानाची म्हणून ती पावती चुलीत घातली असती, तर? मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर चालत गेलेल्या किसान मोर्चात सुरगाणा तालुक्यातील आदिवासी शेतकरीही होते. वन हक्काचे दावे ही त्या मोर्चाची एक प्रमुख मागणी होती.

११/ म्हणून श्रेडर निवडण्याआधी कागद निवडा. सरकारी दफ्तराने ही निवड पूर्वीच बांधून दिली आहे : 'अ' वर्ग कायमचा, 'ब' वर्ग ३० वर्षे, 'क' वर्ग १० वर्षे, 'क-१' ५ वर्षे, 'ड' वर्ग १ वर्ष. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ नुसार सरकारी अभिलेख विहित पद्धतीशिवाय नष्ट करणे हा गुन्हा आहे. कपाट भरले म्हणून कार्यालयातील फायली यंत्रात घालता येत नाहीत. घरीही अशीच वर्गवारी करावी. सातबारा, फेरफार, जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, जुन्या पावत्या आणि मोडीतला प्रत्येक कागद 'अ' वर्गात.

१२/ मग कापायचे काय? आधार-पॅनच्या फालतू झेरॉक्स, बँकेची जुनी पत्रे, खाते क्रमांक असलेले अर्ज, कार्यालयात साठलेल्या उमेदवारांच्या प्रती. हे कागद रद्दीत गेले तर त्यांत भेळ बांधली जाते आणि कोणाचा तरी आधार क्रमांक बाजारभर फिरतो. इथे श्रेडर हवाच. जपण्यासारखे कागद जपणे आणि दुसऱ्याची खासगी माहिती उघडी न टाकणे, ही एकाच जबाबदारीची दोन अंगे आहेत.

१३/ आता यंत्र. जर्मन मानकात पी-१ ते पी-७ अशा पायऱ्या आहेत. आकडा वाढेल तसा तुकडा बारीक. पी-२ म्हणजे उभ्या पट्ट्या : तेहरान आठवा आणि टाळा. घराला व लहान कार्यालयाला पी-४ पुरेसा. त्याचा तुकडा १६० चौरस मिलिमीटरपेक्षा मोठा नसतो. अधिक गोपनीय कागदांसाठी पी-५, म्हणजे ३० चौरस मिलिमीटरपर्यंत. एका वेळी किती पाने जातात एवढेच पाहू नका. यंत्र सलग किती मिनिटे चालते आणि किती वेळ थंड व्हावे लागते, तेही विचारा. श्टाझीची यंत्रे तिथेच हरली. सुरगाण्यासारख्या पावसाळी भागात दमट कागद पात्यांत अडकतो. तो आधी वाळवावा आणि पात्यांना वेळोवेळी श्रेडरचे तेल द्यावे.

१४/ सत्ता कागद जाळते ते लपवण्यासाठी. आपण गमावतो ते न वाचल्यामुळे. श्रेडर दोन-चार हजारांत मिळतो, पण त्यात गेलेली १९७० सालची दंडाची पावती कोणत्याही किमतीला परत मिळत नाही. आजोबांच्या ट्रंकेत न वाचता येणारा कागद असेल, तर आज त्याचा स्वच्छ फोटो काढून ठेवा आणि मोडी जाणणाऱ्या माणसाला दाखवा. यंत्राचे बटण त्यानंतर.