सीमेवरील स्नानगृह

इतिहासाच्या ग्रंथांत तहांना, लढायांना आणि राजसभांना जेवढी जागा मिळते, तिच्या शतांशहि जागा साबणाला, कोळशाला आणि ऊन पाण्याला मिळत नाहीं. यांत इतिहासकारांचा दोष फारसा नाहीं; स्नानगृहांतून निघणाऱ्या वाफेचें दप्तर कोणी ठेवीत नसतो. तथापि राज्यें जशीं रणांगणावर तरतात किंवा बुडतात, तशींच तीं कधीं कधीं एखाद्या रेल्वे स्टेशनाजवळच्या स्नानगृहांतहि तरतात. अशा एका प्रसंगाची हकीकत आज वाचकांपुढें मांडण्याचें आम्ही योजिलें आहे. प्रसंग पोलंड देशांतला, काळ १९१९ ते १९२२ चा, आणि प्रश्न असा कीं, उपाशी, आजारी व बेघर अशा लक्षावधि माणसांचा लोंढा सीमेवर येऊन उभा राहिला असतां राज्यानें काय करावें? दार लावून घ्यावें, कीं पाणी तापत ठेवावें?

प्रथम रोगाची ओळख करून घेऊं. टायफस ज्वर हा आपल्या परिचयाच्या विषमज्वराहून अगदीं निराळा. नांवांच्या सारखेपणामुळें पुष्कळांची गफलत होते. विषमज्वर दूषित पाण्यांतून व अन्नांतून येतो. टायफस येतो तो अंगावरच्या कपड्यांत राहणाऱ्या उवेमार्फत. हा शोध शार्ल निकोल या फ्रेंच संशोधकानें १९०९ सालीं ट्यूनिस येथें लाविला व त्याबद्दल त्यास १९२८ चें नोबेल पारितोषिक मिळालें. ऊ ही मोठी चोखंदळ असते. माणसाचें अंग तापानें फार तापलें किंवा मरणानें गार पडलें कीं, ती तें सोडून शेजारच्या अंगाचा आश्रय करिते. शेजारीं कोणी नसेल तर रोग तेथेंच संपतो. परंतु पन्नास माणसें एका मालडब्यांत दाटीनें बसलेलीं असलीं, महिना महिना कोणाचे कपडे बदललेले नसले, आणि थंडीमुळें सर्वजण एकमेकांना बिलगलेले असले, तर मग काय विचारावें! म्हणून या ज्वराला दारिद्र्याचा, तुरुंगाचा व पळापळीचा रोग म्हणतात. त्या काळीं त्यावर गुणकारी औषध नव्हतें, आणि लसहि उपयोगांत आलेली नव्हती. उपाय काय तो एकच: स्नान, आणि कपड्यांना वाफ.

आतां देशाची स्थिति पाहा. १७९५ पासून रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया यांनीं वांटून घेतलेला पोलंड नोव्हेंबर १९१८ मध्यें, एकशें तेवीस वर्षांनीं, पुन्हां एक राष्ट्र म्हणून उभा राहिला. परंतु एका झेंड्याखालीं तीन प्रकारचे कायदे, तीन प्रकारचीं दप्तरें आणि दोन रुंदींचे रेल्वेरूळ होते. तीन सावत्र भावांनीं एका चुलीवर स्वयंपाक मांडावा, तसला तो प्रकार. त्यांतच १९१५ सालीं रशियन सैन्यानें माघार घेतांना आपल्याबरोबर पूर्वेकडे नेलेलीं लाखों माणसें आतां परतूं लागलीं. सुटलेले युद्धकैदी, दंगलींतून जीव घेऊन पळालेले यहुदी, राज्यक्रांतीनें देशोधडीस लागलेले रशियन, असा सगळा मेळा पश्चिमेकडे निघाला. १९१९ या एका सालांत पोलंडमध्यें टायफसच्या दोन लाखांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. नोंद न झालेले किती असतील याचा अंदाज वाचकांनींच करावा. शुश्रूषा करणारे डॉक्टर व परिचारिकाहि या ज्वरानें गेल्या.

अशा वेळीं मदत मुळींच नव्हती, असें नाहीं. नव्या सरकारनें १९१९ सालींच सार्वजनिक आरोग्याचें स्वतंत्र खातें उघडलें होतें. लुडविक रायख्मन या, पॅरिस व लंडन येथें काम करून मायदेशीं परतलेल्या, जंतुशास्त्रज्ञानें वॉर्सा येथें साथरोगांची संस्था स्थापिली होती. कर्नल गिलख्रिस्ट यांच्या हाताखालीं अमेरिकन लष्कराची एक तुकडी युद्धांतून उरलेलीं वाफयंत्रें व स्नानाचें सामान घेऊन आली होती. शिवाय रेडक्रॉस होता, धर्मादाय मंडळ्या होत्या. पण मदतीची विपुलता निराळी आणि मदतीची व्यवस्था निराळी. विचार करून पाहा, एक स्नानगृह चालवावयास काय काय लागतें? पाणी तापविण्यास कोळसा लागतो, तो रेल्वेखात्याकडे. गाडी केव्हां येणार, हें ठाऊक लष्कराला. सीमेवरचा शिपाई गृहखात्याचा, साबण परक्या मंडळीचा, आणि डॉक्टर मात्र आरोग्यखात्याचा! यांपैकीं एकानें हात आखडला कीं उरलेल्या चौघांची मेहनत पाण्यांत. स्वच्छ न्हाऊन निघालेला मनुष्य न धुतलेल्या डब्यांत पुन्हां बसविला, तर दुसऱ्या स्टेशनाला पोहोंचेपर्यंत त्याच्या अंगावर उवा पुन्हां चढतात. रोगजंतूंचें ज्ञान तेव्हां दहा वर्षांचें जुनें झालें होतें. नव्हता तो पांचांच्या हातांतलें काम एका सूत्रांत ओंवणारा कोणी.

हें ओळखूनच पोलिश सरकारनें १९२० सालीं साथींच्या निवारणासाठीं एका विशेष कमिशनरची नेमणूक केली व क्राकोच्या विश्वविद्यालयांतील प्राध्यापक एमिल गोडलेव्स्की यांस ती जागा दिली. गोडलेव्स्की हे मूळचे गर्भविज्ञानाचे अभ्यासक. प्राध्यापकाच्या हातीं असा कारभार गेलेला पाहून आमच्या व्यवसायबंधूंस थोडा अभिमान वाटल्यास तो क्षम्य मानावा. त्या अधिकाराचें मर्म हें कीं, निरनिराळ्या खात्यांस एकाच्या हुकमाखालीं काम करावयास लावतां यावें. साथीचा शत्रु खात्यांच्या हद्दी ओळखीत नाहीं. तेव्हां त्याच्याशीं झुंजणाऱ्यानेंहि त्या ओळखून चालत नाहीं.

परंतु एकट्या पोलंडला हा भार झेपणारा नव्हता. एप्रिल १९२० मध्यें लंडन येथें आरोग्यविषयक परिषद भरली, आणि तिच्या शिफारशीवरून नवजात राष्ट्रसंघानें एक साथरोग-मंडळ निर्माण केलें. वीस लाख पौंडांची मागणी झाली. प्रत्यक्ष हातीं आला तो तिचा लहानसा अंश. परोपकाराच्या ठरावांना सर्वांचे हात वर होतात. तेच हात खिशाकडे वळावयास वेळ लागतो! मंडळाचे प्रमुख नेमले गेले ते डॉक्टर नॉर्मन व्हाइट. हे गृहस्थ आपल्या देशास अपरिचित नव्हेत. हिंदुस्थान सरकारचे सॅनिटरी कमिशनर असतांना १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या भयंकर साथीचा अहवाल लिहिला तो यांनींच.

या मंडळाच्या कार्यपद्धतींतील एक गोष्ट आम्हांस विशेष मननीय वाटते. हातीं पैसा थोडा होता, तरी त्यानें पोलंडमध्यें आपली स्वतंत्र रुग्णालयें थाटून त्यांवर स्वतःच्या नांवाच्या पाट्या लाविल्या नाहींत. देशाचें आरोग्यखातें जें करीत होतें, त्यालाच त्यानें वाहनें, कपडे, साबण व रुग्णालयांचें साहित्य पुरवून बळकटी आणिली. परका उपकारकर्ता आज आहे, उद्यां नाहीं. घरचें खातें मात्र राहावयाचें असतें. जी मदत घरच्या व्यवस्थेला बाजूस सारून केली जाते, ती मदत करणाऱ्याबरोबरच परत जाते.

मार्च १९२१ मध्यें रीगा येथें पोलंड व रशिया यांचा तह झाला आणि परतणाऱ्यांना रीतसर वाट मोकळी झाली. त्याच सालीं व्होल्गा नदीच्या कांठीं दुष्काळ पडला, आणि वाटेनें येणाऱ्यांत भुकेनें पळालेल्यांची भर पडली. आज बेलारूसमध्यें असलेलें बारानोविचे हें गांव त्या वेळीं पोलंडच्या हद्दींत होतें. येथील ठाण्यांतून हा लोंढा पुढें जाई. गाडी थांबे, माणसें उतरत, केस कापले जात, कपडे वाफेच्या पेटींत जात आणि माणसें ऊन पाण्याखालीं. आजारी निराळे काढले जात, उरलेल्यांस कांहीं दिवस ठेवून घेऊन मग गांवीं पाठविलें जाई. ही हकीकत लिहितांना सोपी वाटते. परंतु ज्या स्त्रीनें चार महिन्यांच्या प्रवासांत अंगावरच्या लुगड्याएवढेंच काय तें वांचविलें आहे, तिला तें परक्या शिपायाच्या हातीं द्या म्हणणें, ही गोष्ट सोपी खास नव्हे.

येथें महाराष्ट्रीय वाचकास १८९७ चें पुणें आठवल्यावांचून राहणार नाहीं. प्लेगाच्या त्या दिवसांत गोऱ्या शिपायांनीं घरांत शिरून झडत्या घेतल्या, आणि त्या जुलमाचें पर्यवसान २२ जूनच्या रात्रीं रँडसाहेबांवर झालेल्या गोळीबारांत झालें. झडतीमागें रोग हटविण्याचा हेतु नव्हता, असें कोणी म्हणणार नाहीं. पण ज्याच्या आरोग्यासाठीं हें सर्व करावयाचें, तो मनुष्य मित्र न राहतां आरोपी होऊन बसला, कीं तो रोगी लपवितो. आणि लपविलेला रोगी हाच साथीचा खरा वाहक. पोलंडमधील ठाण्यांत सक्ति मुळींच नव्हती, असा आमचा दावा नाहीं. मात्र तेथें स्नानाच्या पलीकडच्या दाराला घराची वाट होती. दार कोठें उघडतें, यावर सक्तीचा अर्थ पुष्कळसा अवलंबून असतो.

मार्च १९२२ मध्यें वॉर्सा येथें युरोपांतील पंचवीसहून अधिक सरकारांचे प्रतिनिधि जमले. राष्ट्रसंघाबाहेरचे जर्मनी व सोव्हिएट रशिया हेहि त्यांत होते. दीड वर्षापूर्वीं ज्या दोन राष्ट्रांनीं एकमेकांवर तोफा डागल्या, तीं साथीच्या बातम्या एकमेकांस कळविण्याची भाषा बोलूं लागलीं, ही त्या काळीं लहान गोष्ट नव्हती. १९२४ पर्यंत पोलंडमधील टायफसचे वार्षिक रुग्ण कांहीं हजारांवर आले.

कोणी म्हणेल, साथ ओसरली ती युद्ध थांबल्यामुळें व पोटाला अन्न मिळूं लागल्यामुळें. स्नानगृहाला श्रेय कशाला? हा आक्षेप खोटा नाहीं. शांतता व अन्न यांजवांचून नुसत्या साबणानें टायफस हटत नाहीं. पण शांतता झाल्यावरच तर माणसांचा लोंढा सर्वांत मोठा आला! तो अंगावर घेऊनहि साथ पुन्हां १९१९ सारखी भडकली नाहीं, एवढें श्रेय त्या कारभाराला दिलेंच पाहिजे.

या चित्राला एक काळी बाजूहि आहे, ती झांकणें अप्रामाणिकपणाचें होईल. ‘परका मनुष्य रोग आणतो’ हें वाक्य ज्याच्या तोंडीं पडेल, त्याप्रमाणें त्याचा अर्थ फिरतो. १९४० सालीं जर्मनांनीं त्याच वॉर्सा शहरांत चार लाखांवर यहुदी एका भिंतीआड कोंडले, आणि सबब सांगितली ती साथीची. उपासमार व दाटी लादल्यावर टायफस फैलावला यांत नवल तें काय? रायख्मन यांच्या संस्थेंत ज्यांनीं पूर्वीं काम केलें, ते रक्तगटांचे विख्यात संशोधक लुडविक हिर्शफेल्ड यांसहि त्या भिंतीआड जावें लागलें. तेथें त्यांनीं व्याख्यानें दिलीं, साथीविरुद्ध लोकांना संघटित केलें. १९४१ च्या हिवाळ्याच्या तोंडाशीं, रोग वाढावयाच्या वेळींच, तो ओसरला. आणि २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका गणिती अभ्यासानें याचें श्रेय कोंडलेल्या लोकांच्या स्वतःच्या आरोग्य-प्रयत्नांना दिलें आहे. ज्यांना रोगाचें मूळ ठरविलें, त्यांनींच रोग आवरला! पुढें त्यांतील बहुतेकांना मृत्युछावण्यांत मारण्यांत आलें, हें सांगतांना लेखणी जड होते.

रायख्मन हे राष्ट्रसंघाच्या आरोग्यविभागाचे प्रमुख झाले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ सालीं स्थापन झालेल्या युनिसेफचे पहिले अध्यक्ष. निर्वासितांचें आरोग्य हें दयेचें नव्हे तर कारभाराचें काम आहे, हा बारानोविचेचा धडा त्यांच्याबरोबर पुढच्या पिढीच्या संस्थांपर्यंत गेला.

आणि त्या देशाचीं माणसें एकदां आपल्या दारींहि आलीं होतीं. सोव्हिएट रशियांत हद्दपार झालेले हजारों पोलिश लोक १९४२ मध्यें इराणच्या किनाऱ्यावर उतरले, तेव्हां त्यांच्यांत हाच टायफस होता व अनेकांच्या कबरी तेथेंच झाल्या. वांचलेल्यांपैकीं सुमारें पांच हजार, त्यांत बहुतेक बायका व मुलें, १९४३ पासून कोल्हापूरजवळ वळिवडे येथें राहिलीं. १९४८ पर्यंत त्यांचें तेथें वास्तव्य होतें; त्यांच्या शाळा होत्या, देऊळ होतें, रुग्णालय होतें. पंचगंगेच्या पाण्यानें त्या मुलांचीं अंगें धुतलीं गेलीं, आणि कोल्हापुराला त्यापासून कांहीं अपाय झाल्याचें ऐकिवांत नाहीं.

दार लावून घ्यावें, कीं पाणी तापत ठेवावें, असा प्रश्न आम्ही आरंभीं केला होता. पोलंडच्या अनुभवाचें उत्तर असें कीं, दार लावल्यानें रोग बाहेर राहत नाहीं, तो अंधारांतून आंत येतो. आणि पाणी तापत ठेवावयाचें, तर सरपण कोणीं आणावयाचें हें आधीं ठरलेलें असावें लागतें.