राखणदाराचं वय

छताला लावलेला जुना स्मोक अलार्म काढून उलटा केला, की पाठीवर बहुधा एक तारीख दिसते. ती विकत घेतल्याची नसते, कारखान्यातून बाहेर पडल्याची असते. त्या तारखेला दहा वर्षं झाली की यंत्र बदला, असं अमेरिकेतली 72 क्रमांकाची अग्निसंहिता सांगते. मग बटण दाबल्यावर ते कितीही ठणठणीत वाजो. दहाच वर्षं का, हे कळायला त्याचं कुळ पाहावं लागतं.

ते कुळ इंदूरच्या परदेशीपुऱ्याला अगदीच परकं नाही. ही वस्ती गिरण्यांच्या आसऱ्यानं वाढली. मालवा मिल, कल्याण मिल, 1991 साली बंद पडलेली हुकुमचंद मिल, यांच्या भोंग्यांवर इथल्या घरांची घड्याळं चालत. कापसाशी संबंध आलेल्या माणसाला आगीचा एक स्वभाव ठाऊक असतो: कापूस भडकण्याआधी धुमसतो. गासडीच्या पोटात गेलेली ठिणगी कितीतरी वेळ बाहेर कळत नाही.

म्हणूनच आगीवरची यांत्रिक राखण घरात नाही, कारखान्यात जन्मली. 1874 साली अमेरिकेतल्या न्यू हेवनमध्ये हेन्री पार्मली यानं आपला पियानोचा कारखाना वाचवण्यासाठी आपोआप उघडणारे पाण्याचे फवारे बसवले. थोड्या उष्णतेनं झाळ वितळायची आणि पाणी सुटायचं. कापडगिरण्यांनी ही युक्ती चटकन उचलली. 1890 मध्ये एडिसनचा सहकारी फ्रान्सिस अप्टन यानं विजेवर चालणाऱ्या आगसूचकाचं पेटंट घेतलं. 1902 मध्ये बर्मिंगहॅमच्या जॉर्ज डार्बीनं उष्णता ओळखणारं यंत्र काढलं. हे सगळे राखणदार आच लागेपर्यंत थांबणारे होते. मालासाठी ते चालून जायचं, कारण माल श्वास घेत नाही.

झोपलेला माणूस घेतो, आणि आच पोचण्याआधी त्याच्यापर्यंत धूर पोचतो. 7 मे 2022 च्या पहाटे इंदूरच्याच स्वर्णबाग कॉलनीत तळमजल्यावरच्या गाड्या पेटल्या, धूर जिन्यानं वर चढला आणि सात जण दगावले. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो, आणि गाढ झोपेत नाकावर फारसं विसंबता येत नाही.

धूर हुंगणारं नाक मात्र योगायोगानं सापडलं. 1930 च्या दशकाच्या अखेरीस स्विस भौतिकशास्त्रज्ञ वाल्टर येगर विषारी वायू ओळखणारं यंत्र जुळवत होता. वायूपुढे यंत्र ढिम्म राहिलं. वैतागून त्यानं सिगारेट पेटवली, आणि काटा हलला. त्याच्या जोडीदाराचं, अर्न्स्ट मेईलीचं, या कामाला मोठं साह्य झालं. 1941 मध्ये दोघांनी कंपनी काढली. तिचं नाव सेर्बेरस, म्हणजे ग्रीकांच्या पाताळाच्या दारावरचा तीन डोक्यांचा कुत्रा. आपल्या यमाच्या दारात दोन कुत्रे असतात, काम तेच.

ही यंत्रं महाग होती, ती कारखान्यांत आणि मोठ्या इमारतींतच राहिली. घरापर्यंत यायला आणखी एक सिगारेट लागली. 1960 च्या दशकात कोलोरॅडोमध्ये ड्युएन पिअरसॉल हवेतली स्थिर वीज घालवणारं उपकरण तपासत होता. कारागिराच्या सिगारेटच्या धुरानं मोजणीचा काटा भलतीकडेच गेला. त्यातून पिअरसॉल आणि स्टॅन्ली पीटरसन यांनी बॅटरीवर चालणारा, छताला एकट्यानं लटकणारा घरगुती अलार्म बनवला.

त्याच्या आत अमेरिशियम 241 या किरणोत्सारी धातूचा कणभर अंश असतो. त्यामुळे डबीतल्या हवेतून अगदी बारीक विद्युतप्रवाह वाहतो. धुराचे कण आले की प्रवाह मंदावतो आणि भोंगा वाजतो. अमेरिशियमचं अर्धायुष्य सुमारे 432 वर्षांचं. म्हणजे दहा वर्षांत त्यातला पन्नासावा हिस्साही कमी होत नाही. दुसऱ्या जातीच्या अलार्ममध्ये किरणोत्सारी काही नसतं. अंधाऱ्या डबीतला प्रकाशझोत धुरानं विखुरला, की बाजूला बसलेला डोळा तो टिपतो. धुमसणाऱ्या गादीचा वास लवकर लागतो तो याला, भडकत्या ज्वाळा लवकर कळतात त्या पहिल्याला.

मग म्हातारं काय होतं? धूर आत यावा म्हणून या डबीला फटी ठेवाव्याच लागतात. त्याच फटींतून धूळ, फोडणीचा तेलकट थर, उदबत्तीची काजळी आणि बारीक किडेही आत जातात. धुळीनं प्रकाश विखुरला की अलार्म उगाच ओरडतो. जाळ्या तुंबल्या की ओरडायचं तेव्हा गप्प बसतो. शिवाय वर्षानुवर्षं जागं राहून आतले विजेचे भागही थकतात. बटण दाबल्यावर वाजला, म्हणजे घसा शाबूत आहे एवढंच कळतं. नाकाची खात्री त्यातून मिळत नाही.

बदलताना जुन्याची जात पाहावी. किरणोत्साराची खूण असेल तर तो फोडू नये, भंगारवाल्याला देऊ नये, विक्रेत्याकडे किंवा बनवणाऱ्याकडे परत करावा. नवा निजायच्या खोलीजवळ आणि जिन्याच्या माथ्यावर लावावा, चुलीपासून चार पावलं दूर. नाहीतर मिरचीच्या फोडणीला वैतागून घरातलंच कुणीतरी त्याची बॅटरी काढून ठेवतं. आणि वर चढवण्याआधी पाठीवरची तारीख कडेला, खालून वाचता येईल अशी, ठळक पेननं लिहून ठेवावी.